पट्टीच्या कमलबाई

उज्जैनला लहान मुलांच्या पाटीला पट्टी म्हणतात. पट्टी आणि पेम. पेम म्हणजे पेन्सिल. मी नोकरीसाठी नाशिकहून तिथे गेलो तेव्हा या शब्दाने माझी बरेच दिवस करमणूक केली. आपल्याकडे पट्टीने रेघा मारतात, जखमेला पट्टी बांधतात, गवई पट्टी लावतो, आणि एखाद्याने एखाद्या कामात हयात घालवली की तो त्या कामातला पट्टीचा होतो. एका शब्दावर एवढी कामं टाकली की कधीतरी घोटाळा व्हायचाच. तो कमलबाई पोतनिसांच्या बाबतीत झाला.

देवास गेटजवळच्या एका दुमजली घरात मी वर एकटा राहत असे आणि खाली पोतनीस. कमलबाई तिशीच्या अलीकडच्या. नवरा वसंतराव रेल्वेत गार्ड, मुक्काम रतलामला. गाडीची आणि रजेची गाठ पडली तर घरी. पाच वर्षांची एक मुलगी, शालू. आणि सासरे अण्णासाहेब, ज्यांच्याबद्दल पुढे सांगावंच लागेल, कारण त्यांना टाळून त्या घराबद्दल काही सांगणं त्यांनी हयातीत कुणालाच जमू दिलं नाही.

कमलबाई जवळच्या मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवत. लग्नामुळे त्यांचं स्वतःचं शिक्षण आठवीत थांबलं होतं. ग्वाल्हेर दरबारच्या काळात कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या वर्गात मुली रडत नाहीत एवढी पात्रता मुख्याध्यापिकेला पुरली होती. पण आता संस्थान विलीन होऊन मध्य भारत नावाचं राज्य झालं होतं. शाळेच्या फलकावरचं दरबारचं नाव पुसून नवं नाव रंगवलं होतं, मात्र रंग सरकारी असल्यामुळे ऊन तिरपं पडलं की खालचं नाव वर येई. नव्या राज्याचा नवा नियम असा की मास्तरीण मॅट्रिक पाहिजे आणि प्रशिक्षित पाहिजे, नाहीतर घरी. कमलबाई दोन्ही नव्हत्या.

अशात एक दिवस मुख्याध्यापिकेने हिंदीतली एक सूचना वाचून दाखवली. शिक्षिकांसाठी पट्टी-प्रशिक्षण, संध्याकाळी, विनामूल्य; नावं द्यावीत. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कमलबाईंनी हात वर केला. तिसरीच्या मुलींकडून पट्टीवर अक्षरं कशी गिरवून घ्यावीत याचं सरकार प्रशिक्षण देत असेल तर त्यांना हवंच होतं. जागा म्हणून सरकारी दवाखान्याचा व्हरांडा का दिला, हे त्यांना जरा खटकलं. पण नवं सरकार होतं, कुठे काय भरवील याचा नेम नव्हता. पिशवीत पाटी आणि चार पेमी घेऊन त्या वेळेवर पोचल्या.

तिथे दुबेजी नावाचे गृहस्थ होते. लढाईत जखमी उचलणाऱ्या पथकात होते, गळ्यात शिट्टी, मिशीला मेण. त्यांनी कमलबाईंच्या मांडीवर एका परक्या माणसाचा पाय आणून ठेवला आणि म्हणाले, “लो बहनजी, टाँग. टूटी हुई समझो.”

हा प्रथमोपचाराचा वर्ग होता. सोमवतीच्या आणि कार्तिकीच्या स्नानाला क्षिप्रेवर गर्दी होई, बायका चेंगरत, बुडत, उन्हाने पडत. आणि त्यांना हात लावायला पुरुष स्वयंसेवक धजत नसत. म्हणून शिक्षिका हव्या होत्या. चूक लक्षात आल्यावर दुबेजींनी सभ्यपणे नाव खोडायची तयारी दाखवली. कमलबाई नको म्हणाल्या. मला नंतर त्यांनी कारण सांगितलं. “तेव्हा उठले असते तर गावभर झालं असतं, पोतनिसांच्या सुनेला टांग बघून चक्कर आली.”

त्यांची बहुतेक मोठी कामं अशा छोट्या कारणांनी सुरू होत. मोठी कारणं सांगणारी माणसं मी त्या काळात पुष्कळ पाहिली. त्यांच्या नावाचे रस्ते झाले.

एवढं झाल्यावर मी त्यांच्या आयुष्यात आलो तो इंग्रजीचा मास्तर म्हणून. मॅट्रिकला बाहेरून बसायचं तर इंग्रजी लागे, आणि मी एका हायस्कुलात तोच विषय शिकवत होतो. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी माझ्या, उरलेल्या दुबेजींच्या. शिकवणी खालच्या पडवीत चाले आणि अण्णासाहेब देखरेखीला आरामखुर्चीत बसत. सून परक्या पुरुषाकडून शिकते आहे याची शोभा राखायला ते बसत असं ते म्हणत. माझ्या मते त्यांना गोष्टी ऐकायच्या असत.

अण्णासाहेब दरबारच्या मुलकी खात्यातून निवृत्त झाले होते. पोतनिसी त्यांच्या पणजोबांकडे होती, त्यांच्याकडे नुसतं आडनाव उरलं होतं, पण त्यांनी ते झिजू दिलं नाही. देवळात जाताना पगडी आणि बंदांचा अंगरखा. ‘सरकार’ हा शब्द ते फक्त जुन्या सरकारला वापरत. नव्याला ‘ही मंडळी’ म्हणत. दोन वस्तूंवर त्यांचा जीव होता. एक कवळी, जी त्यांनी ग्वाल्हेरला मुद्दाम बनवून घेतली होती आणि जी कवळी आहे हे गावात कुणाला माहीत नाही असा त्यांचा समज होता. दुसरी गंगाजलाची कुपी. त्यांच्या वडिलांनी काशीहून आणलेलं पाणी, बुचावर मेण. घरी ती देवात असे, पण अण्णासाहेब देवास गेटच्या पलीकडे निघाले की अंगरख्याच्या आतल्या खिशात. मरण कुठेही गाठील, तेव्हा साहित्य जवळ असावं.

हे पाणी तोंडात पडल्याशिवाय आपण जायचं नाही, असं त्यांचं ठरलं होतं. वसंतराव ऐन वेळी कुठल्या स्टेशनात हिरवा झेंडा दाखवत असतील सांगता येत नव्हतं. म्हणून लग्न होऊन आल्याच्या पहिल्या वर्षीच त्यांनी कमलबाईंकडून देवासमोर शब्द घेतला होता की हे काम सूनबाईचं.

कमलबाईंचा दिवस मी वरून खिडकीतून पाही. पहाटे सोवळ्यात स्वयंपाक, अण्णासाहेबांचा नैवेद्य, शालूची वेणी, शाळा. संध्याकाळी दवाखान्यातून परत आल्या की दारातच थांबायचं, मागच्या मोरीवर डोक्यावरून अंघोळ करायची आणि मग घरात पाऊल. ती अण्णासाहेबांची अट होती. वर्ग सोडायला त्यांनी कधी सांगितलं नाही. फक्त अंघोळ सांगितली. हिवाळ्यातसुद्धा. त्या वर्षी कमलबाईंचे केस कधी वाळलेच नाहीत. व्याकरणाच्या वहीवर पाणी ठिबकून क्रियापदं फुटत, तेव्हा त्या वही जरा तिरपी धरत आणि लिहीत राहत. मी एकदा अण्णासाहेबांना म्हणालो की बाईंना न्यूमोनिया होईल. ते म्हणाले, “मास्तर, तुम्ही परेशान होऊ नका. ती बोलली का काही?” ती बोलली नव्हती. खरं तर बंबात पाणी कधी नव्हे ते त्या वेळेला तापलेलं असे आणि ते कोण तापवतं हे त्या घरात कुणी बोलत नसे. अण्णासाहेबांच्या उपरण्याला मात्र धुराचा वास येई.

शिकवणी चालू असताना त्यांचे हात रिकामे नसत. अण्णासाहेबांची जुनी धोतरं फाडून त्या पट्ट्या करत आणि गुंडाळत. दुबेजींचा पाठ आणि माझा पाठ त्यांनी एकातच घातला होता. शालूचा पाय मांडीवर घ्यायचा आणि वेढ्यावेढ्याला एक रूप म्हणायचं: गो, वेंट, गॉन. पुढचा वेढा, पुढचं क्रियापद. शालू पुढे इंग्रजीत हुशार निघाली, त्याचं श्रेय शाळांनी घेतलं.

कर्मणी प्रयोग शिकवताना मी नेहमीप्रमाणे त्याची निंदा केली. म्हटलं, हा सरकारी प्रयोग आहे. यात केलं कुणी ते लपवता येतं. कमलबाईंनी पट्टी गुंडाळायची थांबवली. म्हणाल्या, “मला तर हाच बरा वाटतो, सर. पाय मोडला. कुणी मोडला ते मागून बघू. ज्याला लागलंय तो आधी येतो यात.”

मी त्यानंतर तो प्रयोग निंदा न करता शिकवू लागलो.

एका पायावर सराव पुरेना, तेव्हा त्यांनी आपला वर्ग वापरला. शेवटच्या तासाला अख्ख्या तिसरीला पट्ट्या बांधल्या: कुणाचं डोकं, कुणाचा कोपर, कुणाची हनुवटी. हनुवटीची पट्टी अवघड. ती जबड्याखालून डोक्यावर जाते, आणि गाठ कानाच्या वर, बाजूला बसवायची. दुबेजींचा मंत्रच होता, गाँठ चपटी, बगल में, चुभे नहीं. गाठीखालून एक बोट सरकलं पाहिजे. कमलबाईंनी प्रत्येक गाठीखाली बोट घालून पाहिलं आणि मग घंटा झाली. मुलींना त्या पट्ट्या इतक्या आवडल्या की कुणी सोडेना. अशा अवस्थेत तो वर्ग देवास गेटच्या बाजारातून घरोघर निघाला. शाळेचं छप्पर पडलं अशी बातमी त्यांच्यापुढे धावली. दुकानदार फळ्यांवरून उतरले. एका मुलीची आजी तिचं डोकं बघून ओट्यावरच कोसळली, आणि मागून समजूत घालायला धावत आलेल्या कमलबाईंना आपला पहिला खरा रुग्ण मिळाला. शुद्धीवर आल्यावर आजीने त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. कमलबाईंनी त्या ऐकताना तिची नाडी धरून ठेवली होती. “आवाज चांगला लागला होता,” त्या मला म्हणाल्या, “काळजी मिटली.”

पण त्याच सुमारास त्या एका जागी अडकल्या. दुबेजींनी नियम सांगितला की बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. पाणी सरळ श्वासाच्या वाटेने उतरतं आणि वाचणारा माणूस तिथेच जातो. बाकीच्यांनी लिहून घेतलं. कमलबाईंनी विचारलं, गंगाजल? दुबेजी स्वतः संध्या करणारे. त्यांचा चेहरा पडला. बराच विचार करून ते म्हणाले, किताबात पानी लिहिलं आहे, गंगाजल लिहिलेलं नाही. मग कमलबाई ते इंग्रजी पुस्तक माझ्याकडे घेऊन आल्या. पुस्तकात पाणी नव्हतं. ‘काहीही नाही’ असं होतं. त्या म्हणाल्या, काहीहीमध्ये गंगाजल येतं का? मी ताबडतोब म्हटलं, अर्थातच येतं. त्यांनी पुस्तक मिटलं. “तुम्हाला विचारून उपयोग नाही. तुमचं कशावाचून काही अडलेलंच नाही.”

मग त्यांनी ज्याला विचारायचं त्यालाच विचारलं. पडवीत, माझ्यासमोर. म्हणाल्या, “मामंजी, तुम्ही शुद्धीत असाल तेव्हा गंगा देईन. बेशुद्ध असाल तर नाही देणार.”

अण्णासाहेब खुर्चीत सरळ झाले. “म्हणजे मरणाऱ्याने आधी अर्ज करायचा?”

“तसं नाही. गिळता आलं पाहिजे.”

“तू शब्द दिलायस, सूनबाई. देवासमोर.”

“दिलाय ना. देणारच. वेळ मी ठरवीन.”

अण्णासाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हे मी शिकवलेल्या इंग्रजीमुळे झालं. मग म्हणाले की या घरात मरायचीसुद्धा आता चोरी झाली, आणि चहा मागितला. पण ते हसत नव्हते. त्यांना खरोखर भीती वाटत होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. आणि कमलबाईंनाही दिसलं असणार, कारण त्या दिवशी त्यांनी एक क्रियापद चुकवलं.

वैशाखाच्या तोंडाला मंत्रिमहोदय येणार असं ठरलं. शाळेच्या मैदानात मांडव, पथकाचं प्रात्यक्षिक, मग भाषण, मग प्रमाणपत्रं. प्रात्यक्षिक हीच वर्गाची शेवटची परीक्षा. दुबेजींची ताकीद होती की शिट्टी झाल्याशिवाय कुणी आपला रुग्ण सोडायचा नाही. सोडला तो नापास. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कमलबाईंचा मॅट्रिकचा इंग्रजीचा पेपर. मी म्हटलं, एक काहीतरी सोडा. त्या म्हणाल्या, पेपर उद्याचा आहे, आज तर रिकामीच आहे मी. त्या दिवशी घरी पुरणाचा नैवेद्य होता.

मंत्री उशिरा आले. उशीर किती झाला यावरून त्या काळी मंत्र्याची उंची मोजत. लोक उन्हात बसून होते, कारण मांडवाचं कापड व्यासपीठापुरतं पुरलं होतं. पहिल्या रांगेत अण्णासाहेब, पगडी, अंगरखा, उपरणं. ‘ही मंडळी’ दिसतात तरी कशी हे पाहायला आलो, असं ते म्हणाले होते. खरं तर सून पाहायला आले होते. समोर मैदानात पथक. जखमी म्हणून शाळेचा पट्टेवाला रामलाल झोपवला होता. पट्टेवाल्याला पट्ट्या, या आपल्याच विनोदावर सरकारी दवाखान्याचे सर्जनसाहेब हसले. मंत्री उठून बोलायला लागले आणि इकडे पथक रामलालला गुंडाळू लागलं. एकेक अवयव एकेकीकडे. कमलबाईंकडे पाय.

अण्णासाहेब पुढे वाकले. आधी पगडी पडली आणि घरंगळत व्यासपीठाखाली गेली. ते मंत्र्यांना मुजरा करताहेत असं काहींना वाटलं. मलाही, आणि या सरकारशी त्यांचा एवढा सलोखा कधी झाला याचं मी नवल करत होतो, तेवढ्यात ते कुशीवर जमिनीवर आले.

भाषण चालू राहिलं. पथकही चालू राहिलं. शिट्टी झाली नव्हती. एका धडधाकट माणसाला एवढ्या निगुतीने पट्टी बांधताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही. कमलबाईंनी मान वर केली. हातातलं पट्टीचं टोक रामलालच्याच हातात दिलं, “पकडो” म्हणाल्या आणि निघाल्या. धावल्या नाहीत. धावणाऱ्याला बघून लोक धावतात, हे दुबेजींनी शिकवलं होतं.

तोवर अण्णासाहेबांभोवती कडं झालं होतं. स्वस्तिवाचनाला बोलावलेले घाटावरचे पंडितजी गुडघ्यावर बसले होते. कुपी सगळ्या उज्जैनला माहीत होती. त्यांनी ती खिशातून काढून बूच उपटलंसुद्धा होतं. अण्णासाहेबांचे डोळे वर गेले होते, तोंड उघडं, रंग राखेचा. पंडितजींनी कुपी तिरकी केली.

कमलबाईंनी सासऱ्यांच्या तोंडावर आपला तळहात आडवा ठेवला. “अभी नहीं, पंडितजी.”

“बहू, चले गए तो जनम भर पछताओगी. ये जल इन्होंने किसलिए रखा था?”

“अभी गए नहीं हैं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातून कुपी काढून घेतली, बूच लावलं आणि कमरेला खोचली.

कड्यातून आवाज उठला. त्या आवाजात शब्द नव्हते, पण अर्थ स्वच्छ होता. पोतनिसांची सून मरत्या सासऱ्याच्या तोंडात गंगा पडू देत नाही. अण्णासाहेब त्या क्षणी गेले असते तर त्या गावात या बाईला कुणी दारात उभं केलं नसतं, नवऱ्याने केलं असतं की नाही शंकाच आहे, आणि शाळेने मॅट्रिकचा निकालही पाहिला नसता. हे तिथे सगळ्यांना कळत होतं. कमलबाईंना सर्वांत जास्त कळत होतं.

मी त्यांच्यासमोरच होतो. त्यांनी अण्णासाहेबांना उताणं केलं आणि दोन बोटं तोंडात घातली. कवळी मागे घसरून घशात अडकली होती. ती बाहेर काढून त्यांनी जवळ कोण आहे ते बघितलं, आणि मला दिली. पुढचा सगळा प्रसंग मी तो ग्वाल्हेरचा ऐवज रुमालात धरून पाहिला. त्यांनी अंगरख्याचे बंद तोडले. पाय उंच करायला काहीतरी हवं होतं. जवळची मोकळी खुर्ची मंत्र्यांची होती, मखमलीची, कारण मंत्री बोलायला उभे होते. त्यांनी ती ओढली आणि पाय त्यावर ठेवले. मग अण्णासाहेबांच्या घशात खळखळ झाली, आणि तत्क्षणी कमलबाईंनी त्यांना कुशीवर वळवलं. सकाळचं पुरण बाहेर पडलं. कडं एकदम रुंद झालं. भाविकही मागे सरले. उताण्या तोंडात तेव्हा पाणी ओतलेलं असतं तर ते सगळं कुठे गेलं असतं, हे समजायला दुबेजींचा वर्ग करावा लागत नाही.

एवढा वेळ कमलबाईंचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत, किंवा प्रथमोपचाराचा धडा म्हणताहेत.

सर्जनसाहेब आले तेव्हा त्यांच्या गळ्यात हार होता. त्यांनी नाडी पाहिली, छान, म्हणाले, चालू द्या, आणि मंत्र्यांना वृत्तांत द्यायला गेले. त्यानंतर दुबेजींनी शिट्टी वाजवली.

अण्णासाहेबांनी डोळे उघडले. आधी जिभेने तोंड चाचपलं, मग सभोवारची माणसं पाहिली, मग हात खिशाकडे गेला. दातांशिवाय त्यांचा आवाज लहान मुलासारखा आला. “दिलंस?”

“अजून नाही,” कमलबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मी विचारलं, तिथे पुटपुटत काय होता? त्या मोरीवर हात धूत होत्या. “गो, वेंट, गॉन म्हणत होते. ते थांबवलं असतं ना सर, तर कुपी मीच ओतली असती.”

सकाळी त्या ओल्या केसांनी पेपरला गेल्या. मॅट्रिक झाल्या, तिसऱ्या श्रेणीत. सर्वांत कमी गुण इंग्रजीत. नोकरी टिकली, प्रशिक्षणाला मुदत मिळाली. प्रथमोपचारात मात्र नापास. दुबेजी स्वतः सांगायला आले, पडवीत उभे राहिले, मिशी उतरलेली. “क्या करूँ बहनजी, सीटी नहीं हुई थी. नियम है.” मला राग आला. कमलबाईंनी त्यांना सरबत दिलं आणि पुढचा वर्ग कधी सुरू होतो ते विचारलं. अख्खं वर्ष त्यांनी तोच वर्ग पुन्हा केला, पहिल्या टांगेपासून. मी विचारलं, दुसऱ्यांदा नवीन काय शिकलात? म्हणाल्या, शिट्टीपर्यंत थांबायला. जमलं का? “नाही. पण या खेपेला कुणी पडलं नाही.”

गावात काही महिने दोन पक्ष होते. अण्णासाहेब दोन्हींत नव्हते. त्यांची तक्रार निराळी होती. “मी मेलो नाही, तेव्हा पाण्याचं सोडून देतो. पण मास्तर, दात? मंत्र्यासमोर?” मी ते हातात धरले होते हे मात्र त्यांनी मला कधी माफ केलं नाही. पुढे पुढे त्यांनी त्याचा खेळ केला. उचकी लागली, ठसका लागला, उठताना गुडघ्यात कळ आली की आतल्या दिशेने तोंड करून विचारायचे, “सूनबाई, आता?” आणि स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, “अजून नाही.” वर्षानुवर्षं. शालूही म्हणायला शिकली. मी वर पेपर तपासत बसलेलो असलो आणि खालून ते दोन आवाज आले की घर जागेवर आहे असं वाटे.

सिंहस्थ आला तेव्हा कमलबाईंकडे घाटावरचा बायकांचा तंबू होता. तिथे त्या ओरडत नसत, आज्ञा देत नसत. हत्ती, निशाणं, गादीवाले महंत, त्यांच्यापुढे वाट करणारे अधिकारी, हे सगळं समोरून वाजतगाजत जात असताना त्या कुणा म्हातारीच्या तळपायाला पट्टी बांधत असत आणि मान वर करत नसत. मी श्रद्धाळू नाही. पण कुठे हात जोडावेत असं मला त्या नदीवर वाटलं असेल, तर त्या तंबूपाशी वाटलं.

मग राज्यांची नवी मांडणी झाली. मध्य भारत गेला, मध्य प्रदेश आला, शाळेचा फलक तिसऱ्यांदा रंगला. आता ऊन तिरपं पडलं की दोन नावं वर येत. अण्णासाहेब अंथरुणाला खिळले होते. त्यांना ही बातमी वाचून दाखवली तेव्हा म्हणाले, ही मंडळी मला शांतपणे एका राज्यात मरू देणार नाहीत.

पुढे एका सकाळी कमलबाईंनी शालूला वर पाठवून मला बोलावलं. वसंतरावांना तार गेली होती. अण्णासाहेब अगदी लहान झाले होते, कवळी वाटीत काढून ठेवलेली. श्वास थांबून थांबून येत होता, पण डोळे जागे होते. कमलबाई उशाशी बसून त्यांचं मनगट धरून होत्या. मग अण्णासाहेबांनी ओठ हलवले. “सूनबाई. आता?”

मनगटावरची बोटं तशीच राहिली. मग म्हणाल्या, “हो, मामंजी. आता.”

त्यांनी देवातून कुपी आणली. एका हाताने अण्णासाहेबांचं डोकं उचलून किंचित कुशीकडे वळवलं, आणि ओठांच्या कडेने पाणी थेंबथेंब आत सोडलं, प्रत्येक थेंबानंतर घसा हलेपर्यंत थांबून. अण्णासाहेबांनी गिळलं. इतक्या वर्षांचं ते पाणी त्यांनी तोंडात जरा घोळवलं आणि म्हणाले, “शिळं लागतंय.”

कमलबाई हसल्या. ते पाहत होते. त्यानंतर फार वेळ गेला नाही.

दाराबाहेर आळी जमू लागली होती. कमलबाईंनी दार लोटून घेतलं. वाटीतली कवळी धुतली आणि नीट बसवली. धोतराची एक पट्टी फाडली, जबड्याखालून वर घेतली आणि गाठ मारली, चपटी, कानाच्या वर, बाजूला. त्यावर पगडी ठेवली, तेव्हा गाठ झाकली गेली आणि अण्णासाहेब दरबारात निघाल्यासारखे दिसू लागले. मग त्यांनी पगडी पुन्हा जराशी उचलली आणि गाठीखाली बोट घातलं.

मी म्हणालो, “बाई, आता त्यांना काय टोचणार?”

त्यांनी गाठ सोडली, थोडी सैल करून पुन्हा बांधली, बोट सरकवून पाहिलं, आणि मग दार उघडलं.